पाटकऱ्याचा चहा

"तिला काही झालेलं नाही, एवढं फक्त तिला सांगू नका. ते सगळ्यांनी सांगून झालंय."

पडद्यापलीकडून आलेलं हे वाक्य माझ्याबद्दल होतं आणि आत बसलेल्या माझ्या मावशीला ते ऐकवलं जात होतं. मी बाहेरच्या बाकावर होते. मांडीवर एक छोटी उशी आणि उशीवर उजवा हात. समोर बसलेला एक म्हातारा मघापासून त्या उशीकडे बघत होता.

"पण बाई, एक्स-रे तर चांगला आलाय की हो," मावशी म्हणाली.

"हाडाचा आलाय चांगला. दुखणं काय हाडाची परवानगी घेऊन येतं?"

मी तोवर पुष्कळ डॉक्टर पाहिले होते. सगळे सभ्य होते. ते एक्स-रे उजेडाकडे धरायचे, 'उत्तम' म्हणायचे आणि मग आईकडे बघून थोडं हसायचे. त्या हसण्याचा अर्थ मला कळायचा. पडद्याआडचं ते वाक्य ऐकलं आणि माझे खांदे खाली आले. इतके महिने ते कानांशी जाऊन बसले होते, हे मला ते खाली आल्यावर समजलं.

नगरला दातांच्या कॉलेजात माझी इंटर्नशिप चालू होती. राहुरीच्या अलीकडे स्कूटर घसरली आणि मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, निघालं, हाड जुळलं. हाताची आग मात्र थांबली नाही. पंख्याचा वारा लागला तरी ती भडकायची. कुर्त्याची बाही हाताला लागू नये म्हणून मी ती कोपरापर्यंत दुमडून ठेवायचे. कॉलेजने रजा दिली होती, पण ती संपणार होती. त्याआधी हात कामाला लागला नाही, तर मी दातांची डॉक्टर होणार नव्हते, इतकं ते सरळ होतं. आणि त्याहून वाईट गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नव्हती. मी नाटक तर करत नाही ना, अशी शंका आता मलाच येऊ लागली होती.

म्हणून आईने मला कोल्हारला मावशीकडे पाठवलं, आणि मावशीने दुसऱ्याच दिवशी भुलीच्या बाईंकडे नेलं.

गावात त्यांना कोणी नावाने ओळखत नसे. निवृत्तीपर्यंत त्यांनी ऑपरेशनच्या आधी भूल देण्याचं काम केलं होतं, म्हणून त्या भुलीच्या बाई. "जन्मभर ज्यांच्याशी बोलायला लागले ते सगळे दोन वाक्यांत झोपले," असं त्या म्हणत. आता त्याची भरपाई चालू होती. नगर-मनमाड रस्त्यालगत, ठिबकच्या पाइपांच्या दुकानाशेजारी त्यांनी एक गाळा घेतला होता. जुनी दुखणी घेऊन आलेली माणसं तिथे बसत आणि बाई त्यांच्याशी बोलत. गोळ्या त्या देत, पण चिडून दिल्यासारख्या.

अंगाने किरकोळ, केस पुरुषासारखे कापलेले, मनगटावर मोठ्या डायलचं पुरुषी घड्याळ. खिशात भाजलेल्या शेंगा. टरफलं त्या दवाखान्यातल्या स्टीलच्या ट्रेमध्ये टाकत, ज्यात एरवी इंजेक्शनं ठेवतात. ट्रे भरला की उठून रस्त्यापलीकडच्या शेळीला घालून येत. मग पेशंट सांगत असलेलं वाक्य अर्ध्यावर असलं तरी चालायचं. परत आल्यावर त्या बरोबर त्याच शब्दापासून पुढे विचारत. "हां, जिन्यावर कळ आली. मग?"

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "किती आणे दुखतंय?"

मला प्रश्नच कळला नाही. इतर डॉक्टर एक ते दहामध्ये विचारायचे. मी म्हणाले, "दहा."

"सोळातले दहा?"

रुपयाचे आणे सोळा असतात हे मला माहीत नव्हतं. शेतकरी पिकाचा अंदाज आण्यांत सांगतात, हेही नंतर कळलं. मी घाईने म्हणाले, "नाही, नाही. सगळेच."

"पुरं पीक आलंय म्हण की. आणि दुखतंय म्हणजे काय होतंय?"

"दुखतंय."

"ते कळलं. ठणकतंय, ठुसठुसतंय, चमक मारतेय, कळ येतेय, शिणक भरते, का भगभगतंय?"

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठीच बोलायचो, पण ती जेवणखाणापुरती. कोणी कशी आहेस विचारलं की मी 'फाईन' म्हणून मोकळी व्हायचे. इतकी दुखणी वेगवेगळ्या नावांनी गावात राहतात हे माझ्या गावीही नव्हतं. मी शब्द एकेक करून मनात हाताला लावून पाहिले. समोरचा म्हातारा, म्हणजे तात्या, एव्हाना पडदा सारून आत येऊन उभा होता. त्यालाच राहवलं नाही. "भगभगत आसंल, बाई. पोरगी फुंकर मारती हाताला, मी बघतोय कवाचा."

"तात्या, तुमचा नंबर आलाय का?"

"न्हाई. पर सांगून ठिवलं."

तात्याचं बरोबर होतं. भगभगच होती ती. आपल्या त्रासाला आधीपासून एक शब्द आहे, म्हणजे तो आपल्याआधी कोणाला तरी झालेला आहे, या विचाराने मला बरं वाटलं.

बाई मूळच्या जामखेडकडच्या. तिकडच्या कोरड्या गावात वाढलेल्या, नोकरीनिमित्त इकडे प्रवरेकाठी आलेल्या. पाटाच्या पाण्याचं नवल त्यांच्या मनातून म्हातारपणीही गेलं नव्हतं. "आमच्याकडे पाणी वरून येणार म्हणजे आभाळातून, तेही आभाळाला आठवण झाली तर. इथे वर कोणीतरी माणूस बसलाय आणि तो ठरवतो, कोणाच्या चारीला किती सोडायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कालवा दिसलाच नाही, तो माणूस दिसला." तो माणूस म्हणजे पाटकरी. आवर्तन सुटलं, म्हणजे धरणाचं पाणी पाळीने कालव्यात आलं, की कुठल्या चारीचं, शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटाचं, दार उघडायचं, कुठलं लावायचं हे बघणारा. आणि याच माणसाला बाईंनी उचलून माणसाच्या मेंदूत नेऊन बसवलं होतं.

त्यासाठी त्यांनी एक यंत्र केलं होतं. शेजारच्या दुकानातून आणलेला पारदर्शक पाइप, खाली बादलीत कूलरचा पंप, वर फळीवर प्लॅस्टिकचा डबा. पंप चालू केला की बादलीतलं लाल पाणी पाइपमधून वर चढे. पाइपच्या मधोमध एक कॉक होता आणि फळीवरून एक सुतळी खाली येऊन त्या कॉकच्या दांडीला बांधलेली होती. सुतळी ओढली की कॉक बंद, ढिली सोडली की चालू.

"ही बादली म्हणजे तुमचा गुडघा, कंबर, हात, जे असेल ते. दुखण्याची वर्दी वर मेंदूकडे निघाली. हा कॉक पाठीच्या कण्यात आहे. आणि ही सुतळी कुठून आली? वरून. खालून वर काय जातं ते सगळे विचारतात. वरून खाली काय येतं ते कोणीच विचारत नाही."

हे सगळं मी पहिल्या वर्षाला शिकले होते. मेंदूच्या देठापासून खाली कण्याकडे येणारे बाण, मधल्या थांब्यांची लांबलचक नावं, अफूसारखं काम करणारी शरीराचीच रसायनं. आकृती पाठ होती, मार्कही पडले होते. तो बाण माझ्या स्वतःच्या मानेतून खाली येतो हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

"बैलाचं शिंग लागलं, मांडी फाटली, तरी माणूस धावत बांधापर्यंत येतो आणि मग कोसळतो. तोवर काय झालं? वरच्याने दार लावून धरलं. आधी जीव वाचव, दुखणं नंतर बघू. पण हाच पाटकरी घाबरला की उलटं करतो. सगळी दारं सताड उघडी टाकतो. थेंबाचा लोंढा होतो. तुझं हाड बरं झालंय, पण ती बातमी वर पोचलेली नाही. तो अजून स्कूटरवरून पडतोच आहे."

"मग हे माझ्या मनाचं आहे?" मी विचारलं. इतक्या महिन्यांत हा प्रश्न मी कोणाला विचारला नव्हता.

बाईंनी शेंग फोडली. "तुझ्या शरीराचं आहे. मेंदू काय शरीराबाहेर ठेवतेस?"

सगळ्यांनाच त्या हे सांगत नसत, हे इथे सांगायला हवं. एकदा पाठ दुखते म्हणून आलेल्या माणसाचे पाय त्यांनी तपासले, शेंगा खाली ठेवल्या आणि मावशीच्या यजमानांची गाडी मागवून त्याला त्याच पावली नगरला धाडलं. "त्याच्या बादलीतच आग आहे. तिथे सुतळी ओढत बसणं म्हणजे खून," त्या म्हणाल्या. त्या दिवशी यंत्र बंद होतं.

तात्याची कंबर मात्र जुनी होती. सगळ्या तपासण्या होऊन स्वच्छ ठरलेली. त्याला बाईंनी यंत्र दाखवलं, तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला.

"बाई, पानी वर चढतंय व्हय? आमच्या हितं तर उतरतंच."

"विहिरीतून चढतं की नाही?"

"मोटार लावल्यावं. मंग बिल येतंय."

"हे बिलच आहे, तात्या. तुम्ही भरताय ते."

तात्या गेला आणि पंधरवड्याने परत आला तो ताठ चालत. पूर्ण ताठ नाही, पण बघणाऱ्याला फरक कळेल इतका. बाईंनी विचारलं, काय केलंत? तात्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"तुमी सांगितलं तसंच. पाटकऱ्याला च्या पाजला."

आवर्तनाच्या दिवसांत आपल्या चारीवर पाटकरी आला की त्याला बसवायचं, चहा द्यायचा, चार इकडच्या तिकडच्या गोष्टी करायच्या, ही तिकडची रीतच आहे. तात्याने विचार केला, डोक्यात पाटकरी आहे, तर त्यालाही चहा लागत असणार. रोज दुपारी तो दोन कप करायला सांगे. एक आपला म्हणून प्यायचा, मग दुसरा घेऊन लिंबाखाली जायचा, डोळे मिटायचा आणि पाटकऱ्याच्या नावाने घोट घोट घ्यायचा. "त्याला म्हनायचं, बसा निवांत. घाई न्हाई. आमचं रान भिजलंय, औंदा जास्तीचं सोडू नगा."

मला हसू आवरेना. मी बाईंकडे बघितलं. त्यांना हसू आलं नव्हतं. त्या उठल्या आणि तात्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"घोट घोट म्हणजे किती वेळ लागतो?"

"च्या गार होस्तवर."

"आणि त्या वेळात कंबर?"

"कंबरंचं काय? त्या टायमाला मी पाटकऱ्याशी बोलतोय ना."

त्या दिवसापासून बाई गोळ्यांच्या चिठ्ठीवर खाली लिहायला लागल्या: दुपारी पाटकऱ्याचा चहा. मेडिकलवाला ते औषध शोधत बसला आणि शेवटी विचारायला आला, अशी गंमत गावात बरेच दिवस चालली होती.

तात्या गेल्यावर मी घाबरत म्हणाले, "पण ही फसवणूक नाही का?"

"साखरेची गोळी देऊन औषध म्हणाले असते तर फसवणूक. वर कोणी बसलेलं नाही असं असतं तरी फसवणूक. पण तो आहे. भीती गेली, भरवसा आला, लक्ष दुसरीकडे गेलं की तो दार लावतो, हे खरं आहे. मी हे पाइप लावून सांगते, तात्याने कपबशी लावून सांगितलं. त्याचं जास्त सोपं आहे, एवढीच माझी तक्रार." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि साखर जास्त घालतो, तेही."

मला त्यांनी उपचार असे दिलेच नाहीत. निदान मला तसं वाटलं नाही. "इथे कामाला माणूस नाही," असं म्हणून त्यांनी मला थांबवून घेतलं. आधी परातीतल्या ज्वारीत हात घालून खडे शोधायचं काम दिलं. ज्वारीत खडे फारसे नव्हतेच. पहिल्या दिवशी बोटांची टोकं टेकवली तरी डोळ्यांत पाणी आलं. बाई म्हणाल्या, "आज दाण्यांकडे नुसतं बघ. उद्या एक दाणा." मग एके दिवशी यंत्र समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. "मी किती वेळा तेच बोलू? ए दाताचे, तू सांग." त्या मला शेवटपर्यंत 'दाताची' म्हणायच्या.

अनोळखी माणसांसमोर उभं राहून बोलायचं मी आजवर टाळत आले होते. बाकावरच्या बायका मला 'वर्दी' म्हणजे काय ते विचारायच्या, मी चुकले की दुरुस्त करायच्या. तात्या तर पुढच्या बाकावरच. एका सकाळी मी पंप चालू केला, सुतळी ओढली, आणि बहुतेक जोरात ओढली. कॉकपासून पाइप निसटला. लाल पाण्याची चिळकांडी सरळ तात्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

"आगं आयाया! मुडदा पाडला माझा!"

बायका हसून लोळायच्या बाकी. मी धावत जाऊन पाइप धरला, तोंड दाबलं, ते हातातून निसटायला लागलं तसं आणखी आवळलं आणि "बाई, बटण! बटण बंद करा!" असं ओरडले. माझा एवढा मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. बटण बाईंच्या खुर्चीला लागूनच होतं. त्या शेंगा खात बघत राहिल्या.

खूप वेळाने त्यांनी बटण बंद केलं आणि विचारलं, "कुठल्या हाताने धरलंयस?"

मी खाली बघितलं. दोन्ही हातांनी. उजवा वर होता. त्याच क्षणी हात भगभगायला लागला, जणू माझ्या बघण्याचीच वाट पाहत होता. मी पाइप सोडून दिला.

"बघितलंस म्हणून पेटला," बाई म्हणाल्या. "म्हणजे तोवर वरून कोणीतरी दार धरून उभा होता. ते तुझंच माणूस आहे. मी बाहेरून आणलेलं नाही."

तात्या सदरा पिळत होता. "पोरी, आता मला पन च्या पाज."

त्या दुपारी हात रोजच्यापेक्षा जास्त दुखला. पण मी तो उशीवर ठेवला नाही. दुखतोय, तरी मोडलेला नाही, हे मला आता ऐकीव नव्हतं. मला स्वतःला माहीत होतं. पुढचे आठवडे काही सरळ रेषेत गेले नाहीत. एक दिवस मी मावशीकडे भाकरी थापली आणि दुसऱ्या दिवशी मला पेन धरवेना. बाईंना सांगितलं की त्या म्हणत, "असू दे. काल काय काय केलंस ते सांग." दुखणं किती आहे हे त्यांनी पहिल्या दिवसानंतर मला कधीच विचारलं नाही. रजा संपायच्या सुमारास हाताची आग विझलेली नव्हती. ती दूरच्या खोलीत चालू असलेल्या रेडिओसारखी झाली होती. मी नगरला परत गेले.

कॉलेजात मला आधी सोपी कामं दिली. दाढ काढायची वेळ आली की मी कुणाच्या तरी मागे उभी राहायचे. हाताची भीती, आणि हात चालणार नाही हे चारचौघांत दिसेल याची त्याहून मोठी भीती. सर एकदा म्हणाले, "कधीतरी स्वतः काढावी लागेल तुला, नाहीतर तुझ्या इंटर्नशिपच्या वहीवर सही कशी करू?"

त्याच आठवड्यात ओपीडीच्या दारात मावशी दिसली. तिच्यामागे गालाला मफलर बांधलेल्या बाई.

"दाढ आहे," त्या मफलरातून म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुला काय करायचंय?"

मावशीने पोल खोलली. "अगं, कित्येक महिन्यांपासून लवंग दाबून बसल्यात. डॉक्टरकडे चला म्हटलं की पेशंट आहेत म्हणतात. आज मीच गाडीत घातलं. बसा म्हटलं तर म्हणाल्या, दाताचीकडे नेणार असशील तर येते."

सरांनी तपासलं आणि दाढ काढावी लागेल म्हणाले. सगळं समोर मांडलं. बाई खुर्चीवर आडव्या झाल्या आणि मग मी एक गोष्ट बघितली, जी बघायची माझी तयारी नव्हती. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर पांढरे पडले होते.

"जन्मभर मी सुईच्या मागच्या बाजूला होते," त्या छताकडे बघत म्हणाल्या. "पुढच्या बाजूची सवय नाही मला. सगळं माहीत आहे गं. काही उपयोग नाही."

सर त्यांच्या खांद्यावर थोपटत म्हणाले, "काही नाही, मॅडम. मुंगी चावल्यासारखं. कळणारपण नाही." आणि त्यांनी भरलेली सिरिंज माझ्यापुढे धरली.

मी ती उजव्या हातात घेतली. हात थोडा भगभगत होता. मी त्याच्याकडे बघितलं, आणि तो भगभगत असूनही स्थिर आहे हे मला दिसलं. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की क्षणभर मी कशासाठी उभी आहे हेच विसरले.

बाईंनी सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, एखाद्या लहान मुलीसारख्या. "तू पण म्हण ना, काही नाही होणार म्हणून."

पलीकडच्या खुर्च्यांवरचे इंटर्न बघत होते. सर माझ्या शेजारी उभे होते. मी मास्क नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"सुई जाताना दुखेल, बाई. मी अगदी हळू देते. सहन झालं नाही तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन."